नाळेतील रक्त : अनोळखी दात्याकडून बालकांना मिळणारे साहाय्य

१. प्रास्ताविक

मूल जन्मास आले म्हणजे त्याची नाळ कापतात, आणि थोड्या वेळाने वार पडते. ही वार व नाळ घराच्या अंगणात पुरून टाकण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी होती. एखाद्या गावाशी आपला जन्माचा संबंध सांगताना ‘माझी नाळ येथे पुरलेली आहे’ असे जे आपण म्हणतो, ते या चालीवरूनच. वारेने नऊ महिने गर्भाचे पोषण केलेले असते. तिच्याच द्वारे त्याला प्राणवायू व अन्नरस मिळालेला असतो. परंतु मूल बाहेर येऊन स्वतः श्वास घेऊ लागले की तिचे कार्य संपते, आणि रुग्णालयात तिची गणना टाकाऊ पदार्थांत होते.

या टाकाऊ समजल्या गेलेल्या वारेत व नाळेत थोडेसे रक्त शिल्लक राहते. ते साधारणतः अर्ध्या पेल्याएवढे, म्हणजे ८० ते १०० मिलिलिटर भरते. पुष्कळदा त्याहूनही कमी निघते. हे रक्त आईचे नव्हे, तर नवजात बालकाचे असते. ज्या मुलाच्या शरीरातील रक्तनिर्मितीच बंद पडली आहे, अथवा विकृत झाली आहे, अशा दुसऱ्या एखाद्या मुलाला या थोड्याशा रक्तापासून आयुष्यभर पुरेल इतके नवे रक्त निर्माण करता येते, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही वर्षांत सिद्ध झाली. त्याहून विशेष हे की, ज्या बालकाचे रक्त घ्यावयाचे व ज्याला ते द्यावयाचे, त्या दोघांचे काही नाते असलेच पाहिजे असे नाही; त्यांचा देशही एक असावा लागत नाही.

हे कसे घडते, बालकांच्याच बाबतीत या उपायाचा विशेष उपयोग का होतो, त्याच्या मर्यादा कोणत्या, आणि हे रक्त प्रत्येकाने स्वतःपुरते राखून ठेवावे की सर्वांसाठी ठेवावे, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत करावयाचा आहे.

२. रक्ताचे उगमस्थान

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. पांढऱ्या पेशींपैकी काही तर थोड्या दिवसांतच नाश पावतात. तरीही निरोगी माणसाचे रक्त कमी होत नाही, याचे कारण हाडांच्या पोकळीतील मज्जेत नव्या पेशी अखंड तयार होत असतात. मज्जेतील सर्वच पेशींना हे सामर्थ्य नसते. त्यांच्यापैकी अगदी थोड्या पेशी अशा असतात की, त्या विभागल्या असता त्यांच्यापासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्त गोठविणाऱ्या बिंबिका या सर्व प्रकारच्या पेशी तर निर्माण होतातच, शिवाय त्यांच्यासारख्याच आणखी पेशीही निर्माण होतात. यांना रक्ताच्या मूलपेशी असे म्हणतात. झाडाची पाने गळतात व नवी येतात, पण मूळ कायम असते. तोच प्रकार येथे आहे. अशा पेशी खरोखरच अस्तित्वात आहेत, याचा प्रायोगिक पुरावा कॅनडातील टोरोंटो येथे टिल व मॅक्युलक या शास्त्रज्ञांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आणला.

या मूलपेशींतच दोष असला तर त्यांच्यापासून होणारे रक्तही सदोष होते. फॅन्कोनी पांडुरोगात मज्जा हळूहळू सुकत जाते. थॅलसेमियात तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिन नीट बनत नाही, आणि मुलाला दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते. काही बालके प्रतिकारशक्तीवाचूनच जन्मतात. साधा सर्दीखोकलाही त्यांना घातक ठरतो. रक्ताच्या कर्करोगात, म्हणजे ल्यूकेमियात, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढून निरोगी पेशींना जागाच उरू देत नाहीत. मुलांच्या ल्यूकेमियापैकी बराचसा भाग आता केवळ औषधांनी बरा होतो. परंतु जेथे औषधे हरतात, अथवा बरा झालेला रोग उलटतो, तेथे रोगी मज्जा नष्ट करून तिच्या जागी दुसऱ्या निरोगी व्यक्तीच्या मूलपेशी वसविणे हा मार्ग उरतो.

यालाच मज्जेचे प्रत्यारोपण म्हणतात. ‘रोपण’ हा शब्द ऐकून शस्त्रक्रियेचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पण रोग्याच्या दृष्टीने ही शस्त्रक्रिया नसते. तीव्र औषधांनी, व काही वेळा क्षकिरणांनी, त्याची जुनी मज्जा आधी नाहीशी करतात. नंतर दात्याच्या पेशी शिरेतून, रक्त चढवावे त्याप्रमाणे, शरीरात सोडतात. त्या पेशी रक्तप्रवाहातून फिरत फिरत आपली आपण हाडांच्या पोकळीत जाऊन पोहोचतात व तेथे स्थिर होतात. अमेरिकेतील डॉ. डॉनल टॉमस यांनी या पद्धतीचे आरंभीचे प्रयोग १९५७ साली प्रसिद्ध केले. या कार्याबद्दल त्यांना १९९० साली नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला. भारतात असे प्रत्यारोपण प्रथम १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले.

३. जुळणीचा प्रश्न

एका माणसाची मज्जा दुसऱ्या कोणालाही सरसकट देता येत नाही. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर काही विशिष्ट प्रथिने असतात. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांवरून ‘हा आपला, हा परका’ हा भेद ओळखतात. या ओळखचिन्हांच्या समूहाला ‘एच. एल. ए.’ असे संक्षिप्त नाव आहे. त्यांपैकी पहिले चिन्ह १९५८ साली पॅरिसमध्ये झाँ दोसे यांनी शोधून काढले, आणि त्यांनाही पुढे १९८० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

चिन्हे जुळत नसली तर दोन प्रकारचे अनर्थ संभवतात. रोग्याचे शरीर नव्या पेशींना परक्या समजून झिडकारते, हा एक. दुसरा याच्या उलट, आणि अधिक दारुण: दात्याच्या पांढऱ्या पेशी रोग्याच्या शरीरालाच परके समजतात व त्याची त्वचा, यकृत आणि आतडी यांवर हल्ला चढवितात.

ही चिन्हे ठरविणारी जनुके आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांशेजारी असतात, त्यामुळे ती बहुधा एकगठ्ठा वारशाने मिळतात. प्रत्येक मुलाला एक गठ्ठा आईकडून व एक वडिलांकडून मिळतो. आईचे गठ्ठे दोन, वडिलांचे दोन. तेव्हा जोड्या चारच होऊ शकतात. म्हणून कोणत्याही एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याचा संभव चारांत एक असतो. भावंडे दोन असली तर त्यांपैकी निदान एक तरी जुळण्याचा संभव सोळांत सात इतका होतो. ज्या कुटुंबात दोनच मुले आहेत, तेथे चारांपैकी तीन आजारी मुलांना घरात पूर्णपणे जुळणारा दाता मिळत नाही, असा याचा अर्थ आहे.

मग दाता बाहेर शोधावा लागतो. मज्जा देण्यास तयार असलेल्या स्वयंसेवकांच्या नोंदवह्या अनेक देशांत आहेत. लंडनमध्ये १९७४ साली व अमेरिकेत १९८६ साली अशा नोंदणीला आरंभ झाला. पण अनोळखी माणसांत पूर्ण जुळणी दुर्मिळ असते, आणि ती बहुधा एकाच वंशसमूहातील लोकांत आढळते. अमेरिकेतील नोंदवहीसंबंधी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, युरोपीय वंशाच्या रोग्यांपैकी सुमारे ७५ टक्क्यांना तीत उत्तम जुळणारा दाता मिळण्याचा संभव होता. दक्षिण व मध्य अमेरिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय रोग्यांत मात्र हे प्रमाण अवघे १६ टक्के होते. शिवाय दाता सापडला तरी त्याला बोलावणे, तपासणे व मज्जा काढणे यांत आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही जातात. मधल्या काळात रोग थांबून राहत नाही.

४. १९८८ सालचा पहिला प्रयोग

नाळेच्या रक्तात मूलपेशी असल्याची चिन्हे १९७४ सालापासून प्रयोगशाळांतून दिसू लागली होती. गर्भावस्थेत रक्तनिर्मितीचे काम आधी यकृतात चालते व मग ते मज्जेत जाते. या स्थलांतराच्या काळात मूलपेशी मोठ्या संख्येने रक्तातून वाहत असतात, आणि जन्माच्या वेळी त्यांपैकी बऱ्याच नाळेत व वारेत सापडतात. प्रौढाच्या वाहत्या रक्तात त्या फारच विरळ असतात. एडवर्ड बॉइस व हॅल ब्रॉक्समायर या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या मनात यावरून असा विचार आला की, हेच रक्त मज्जेच्या ऐवजी का वापरू नये? ब्रॉक्समायर यांनी नाळेच्या रक्ताचे शंभरावर नमुने तपासले, आणि त्यांतील पेशी प्रत्यारोपणाला पुरेशा आहेत असा निष्कर्ष काढला.

प्रत्यक्ष कसोटी ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात लागली. रोगी होता फॅन्कोनी पांडुरोगाने ग्रासलेला एक लहान अमेरिकन मुलगा. त्याच्या आईला पुन्हा दिवस गेले होते. गर्भाच्या तपासणीवरून असे ठरले की, होणारे मूल निरोगी असून त्याची ओळखचिन्हेही भावाशी जुळणारी आहेत. मुलगी जन्मास आली तेव्हा तिच्या नाळेतील रक्त जमवून गोठवून ठेवले, आणि पुढे ते द्रव नायट्रोजनने थंड राखलेल्या पात्रातून समुद्रापार नेण्यात आले. पॅरिसच्या डॉ. एलियान ग्लुकमन यांना फॅन्कोनीच्या रोग्यांचा विशेष अनुभव होता. या रोगात नेहमीची तीव्र औषधे सोसत नाहीत, म्हणून त्यांनी सौम्य मात्रेची पद्धती बसविली होती. प्रत्यारोपण यशस्वी झाले. मुलाच्या हाडांत बहिणीच्या पेशी रुजल्या व तो वाढून प्रौढ झाला. या प्रयोगाचा वृत्तांत १९८९ साली प्रसिद्ध झाला.

५. बहिणीकडून अनोळखी बालकाकडे

पहिल्या प्रयोगातील दाता सख्खी बहीण होती. परंतु प्रत्येक आजारी मुलाला वेळेवर जुळणारे भावंड जन्मेलच असे नाही. खरा पल्ला पुढचाच होता. अनेक नवजात बालकांचे रक्त आधीच जमवून, तपासून, गोठवून ठेवावे, आणि ज्या कोणास लागेल त्यास ते द्यावे, अशी योजना न्यूयॉर्क रक्तकेंद्रातील डॉ. पाब्लो रुबिनस्टाइन यांनी आखली. १९९२-९३ च्या सुमारास तेथे अनोळखी रोग्यांसाठी जगातील पहिली सार्वजनिक नाळरक्तपेढी सुरू झाली. १९९३ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. जोआन कर्ट्झबर्ग यांनी ल्यूकेमिया झालेल्या एका बालकाला अनोळखी दात्याचे नाळरक्त प्रथम दिले.

१९९६ साली कर्ट्झबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २५ रोग्यांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांत बहुतेक मुलेच होती. पंचवीसांपैकी चोविसांच्या बाबतीत दात्याची व रोग्याची एक ते तीन चिन्हे जुळत नव्हती. मज्जेच्या प्रत्यारोपणात इतकी तफावत फार धोक्याची मानली जात असे. तरीही तेवीस रोग्यांत नव्या पेशी रुजल्या. याचा अर्थ सर्वजण वाचले असा मात्र नव्हे. शंभर दिवसांनंतर जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण ६४ टक्के होते. पण हे रोगी अशा अवस्थेतील होते की, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग क्वचितच उरला होता. पुढे १९९८ साली रुबिनस्टाइन यांनी ५६२ प्रत्यारोपणांचा आढावा घेतला, तेव्हा ४२ दिवसांच्या आत सुमारे ८१ टक्के रोग्यांत पांढऱ्या पेशी पुन्हा तयार होऊ लागल्याचे आढळले. ज्या पिशवीत पेशी अधिक, तिच्यातील पेशी लवकर रुजतात, हेही त्यात स्पष्ट झाले.

आजवर जगात नाळरक्ताची ४० हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली आहेत.

६. अपक्वपणा हाच गुण

चिन्हे पूर्ण जुळत नसताही नाळरक्त चालते, याचे कारण काय? नवजात बालकाच्या पांढऱ्या पेशींनी अद्याप जगातील जंतू पाहिलेले नसतात. त्यांना शत्रू ओळखण्याचा व त्याच्याशी झुंजण्याचा सराव नसतो. प्रौढ दात्याच्या पेशी मुरलेल्या शिपायांप्रमाणे परके दिसताच तुटून पडतात. नाळेतील पेशी नवशिक्या असतात. त्यामुळे रोग्याच्या शरीरावर त्यांचा हल्ला कमी वेळा होतो व झालाच तर बहुधा सौम्य असतो. मज्जेसाठी अनोळखी दात्याची चिन्हे जवळजवळ पूर्ण जुळावी लागतात. नाळरक्तात सहा प्रमुख चिन्हांपैकी चार जुळली तरी प्रत्यारोपणाचा विचार करता येतो.

या एका सवलतीने केवढा फरक पडतो पाहा. वर उल्लेखिलेल्या २०१४ सालच्या अभ्यासातच असे दिसले की, एक किंवा दोन चिन्हांची तफावत चालवून घेतली, तर वीस वर्षांखालील जवळजवळ प्रत्येक रोग्यासाठी, मग तो कोणत्याही वंशाचा असो, उपयोगी पडेल अशी नाळरक्ताची पिशवी पेढ्यांतून मिळू शकत होती.

ल्यूकेमिया झालेल्या मुलांच्या बाबतीत या दोन मार्गांची तुलना २००७ साली प्रसिद्ध झाली. नाळरक्त मिळालेली ५०३ मुले व अनोळखी दात्याची मज्जा मिळालेली २८२ मुले तीत होती. पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण, एकदोन चिन्हे न जुळणाऱ्या नाळरक्ताच्या बाबतीतही, जुळणाऱ्या मज्जेच्या तोडीचे आढळले. मात्र दोन चिन्हांची तफावत असताना उपचारामुळेच दगावण्याचा धोका अधिक होता, हेही त्याच अभ्यासाने दाखविले.

७. मात्रेचा हिशेब

आता नाळरक्ताचा उपयोग विशेषतः मुलांसाठीच का, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. पेशी रुजण्यासाठी रोग्याच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे सुमारे तीन कोटी केंद्रकयुक्त पेशी असाव्यात, असा सामान्य दंडक आहे. समजा, एका पिशवीत अशा १०० कोटी पेशी आहेत. १० किलोग्रॅम वजनाच्या बालकाला ३० कोटी पेशी लागतील. म्हणजे ही पिशवी त्याला तिपटीहून अधिक पुरेल. ३० किलोग्रॅम वजनाच्या मुलाला ९० कोटी लागतील. तेथे ती जेमतेम पुरेल. ६० किलोग्रॅम वजनाच्या प्रौढाला १८० कोटी पेशी हव्यात. त्याला ती अपुरी पडेल. मज्जेचा दाता मोठा माणूस असल्याने तिच्यातून सुमारे दसपट पेशी मिळू शकतात. नाळेतील रक्त मात्र जेवढे असेल तेवढेच. लहान दात्याची लहान देणगी लहान शरीरालाच पुरते, असा हा निसर्गाचा हिशेब आहे.

मग एकाऐवजी दोन बालकांच्या पिशव्या द्याव्यात काय? प्रौढांसाठी हा उपाय वापरण्यात आला. मुलांच्या बाबतीत त्याची रीतसर परीक्षा घेण्यात आली व तिचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. २२४ रोग्यांपैकी काहींना एक व काहींना दोन पिशव्या दिल्या. एक वर्षानंतर एक पिशवी मिळालेल्यांपैकी ७३ टक्के व दोन मिळालेल्यांपैकी ६५ टक्के हयात होते. तेव्हा जेथे एकच पिशवी पुरेशी आहे, तेथे दुसरीने लाभ होत नाही, असे ठरले.

८. वेळेचे मोल

नाळरक्ताची दुसरी महत्त्वाची सोय म्हणजे ते तयार असते. मूल जन्मल्यावर व नाळ कापल्यावर तिच्या शिरेत सुई घालून रक्त पिशवीत उतरवून घेतात. यात आईला वा बालकाला काही इजा होत नाही. आईची संमती घेतात, कुटुंबातील आनुवंशिक रोगांची चौकशी करतात, व कावीळ, एड्स इत्यादी संसर्गांसाठी तपासणी करतात. रक्तातील पेशींची संख्या व ओळखचिन्हे यांची नोंद होते. नंतर पेशी फुटू नयेत म्हणून रक्षक द्रव्य मिसळून ते हळूहळू थंड करतात, आणि शेवटी उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवून देतात. अशा रीतीने राखलेल्या पेशी वीस वर्षांहून अधिक काळानंतरही सजीव आढळल्या आहेत.

काही रोगांत दिवसांचा हिशेब करावा लागतो. क्राबे रोगात एका विकराच्या अभावी बालकाच्या मज्जातंतूंवरील आवरण नष्ट होत जाते. दात्याच्या पेशी रुजल्या तर त्या हे विकर पुरवू शकतात. परंतु जे तंतू आधीच नष्ट झाले ते परत येत नाहीत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोगाची लक्षणे दिसण्यापूर्वीच ज्या ११ नवजात बालकांना अनोळखी दात्याचे नाळरक्त मिळाले ती सर्व जगली. ही बालके त्या वेळी १२ ते ४४ दिवसांची होती. लक्षणे दिसू लागल्यावर ज्या १४ बालकांवर उपचार झाला, त्यांपैकी सुमारे ४३ टक्केच वाचली. लवकर उपचार झालेल्यांपैकीही काहींना पुढे चालण्यात व बोलण्यात अडचणी राहिल्या. पण रोगाच्या नेहमीच्या मार्गाने ती गेली नाहीत. हर्लर नावाच्या दुसऱ्या एका विकरदोषाच्या रोगात २० मुलांना असेच रक्त दिले गेले, आणि २००४ सालच्या अहवालानुसार त्यांपैकी १७ मुले दात्याच्या पेशींसह जगत होती. दीड महिन्याच्या बालकासाठी महिनोन्‌महिने दाता शोधीत बसणे शक्य नसते. शीतपेटीतील पिशवी मात्र थोड्याच अवधीत पाठविता येते.

९. मर्यादा

कोणत्याही उपायाचे गुण सांगताना त्याचे दोष झाकून ठेवणे शास्त्राला मंजूर नाही.

नाळेतील पेशी थोड्या व अपक्व असल्याने त्या उशिरा रुजतात. मज्जेच्या प्रत्यारोपणानंतर बहुधा दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या पेशी दिसू लागतात. नाळरक्तानंतर तीन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक वाट पाहावी लागते. या काळात मूल जवळजवळ प्रतिकारशक्तीवाचून असते व जंतुसंसर्गाने दगावण्याचे भय मोठे असते. काही वेळा पेशी मुळीच रुजत नाहीत. आणि मज्जेच्या दात्याकडे पुन्हा मागणी करता येते, तशी येथे करता येत नाही. पिशवी एकदा वापरली की संपली.

थॅलसेमियासारख्या रोगात हा दोष विशेष जाणवतो, कारण तेथे रोग्याची मज्जा सदोष असली तरी जोमदार असते, व वरचेवर रक्त चढविल्यामुळे त्याचे शरीर परक्या पेशींना झिडकारण्यास शिकलेले असते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थॅलसेमिया व दात्रपेशी पांडुरोग झालेल्या ५१ मुलांना अनोळखी दात्याचे नाळरक्त दिले होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत पेशी टिकल्या नाहीत. सख्ख्या भावंडाच्या जुळणाऱ्या नाळरक्ताचे फळ मात्र याच रोगांत चांगले आले आहे. आपल्या देशात थॅलसेमियाचे रोगी पुष्कळ असल्याने हा भेद नीट ध्यानी ठेवला पाहिजे.

याशिवाय आता एक निराळा मार्गही खुला झाला आहे. आई अथवा वडील यांची चिन्हे मुलाशी नेहमीच निम्मी जुळतात. प्रत्यारोपणानंतर ठरावीक दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देऊन, दात्याच्या आक्रमक पेशी तेवढ्या मारून टाकण्याची युक्ती साधल्यापासून, अशा अर्धजुळणीच्या प्रत्यारोपणांचे प्रमाण सर्वत्र वाढले. भारतातही जुळणारे भावंड नसले म्हणजे पुष्कळदा हाच मार्ग पत्करला जातो, कारण आईवडील जवळच असतात व परदेशातून पिशवी मागविण्याचा मोठा खर्च टळतो. परिणामी नाळरक्ताचा वापर पूर्वीपेक्षा कमी झाला आहे.

दुसऱ्या बाजूने नाळरक्ताचा मुख्य दोष दूर करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. पिशवीतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून मग देण्याची एक पद्धती एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत बारा वर्षे व त्यावरील वयाच्या रोग्यांसाठी मान्य झाली. तिच्या परीक्षेत पांढऱ्या पेशी परत येण्याचा मध्यम काळ २२ दिवसांवरून १२ दिवसांवर आला होता.

१०. स्वतःसाठी की सर्वांसाठी?

मूल होऊ घातलेल्या आईवडिलांना अलीकडे असे सांगण्यात येते की, बाळाच्या नाळेतील रक्त पैसे भरून खाजगी पेढीत ठेवा. पुढे त्याला आजार झाला तर त्याचेच रक्त त्याच्या उपयोगी पडेल. ऐकणाऱ्याला हे पटते, कारण आपल्या मुलासाठी काहीही करण्याची प्रत्येकाची तयारी असते. पण आतापर्यंतच्या विवेचनावरून वाचकांनी स्वतःच विचार करून पाहावा.

थॅलसेमिया, फॅन्कोनी पांडुरोग, क्राबे हे रोग जनुकांतील दोषाने होतात. तो दोष मुलाच्या प्रत्येक पेशीत, म्हणून त्याच्या नाळेतील रक्तातही असतो. तेच रक्त परत देणे म्हणजे सदोष बीज पुन्हा त्याच शेतात पेरणे होय. बालवयातील ल्यूकेमियाच्याही बाबतीत, रोगाची पहिली बीजे पुष्कळदा जन्माच्या वेळीच रक्तात असतात असे आढळले आहे. शिवाय परक्या पेशी कर्करोगाच्या उरल्यासुरल्या पेशींशी जी झुंज देतात, ती स्वतःच्या पेशी देत नाहीत. म्हणून या रोगांत मुलाला स्वतःच्या नाळरक्ताचा उपयोग नाही. उपयोग आहे तो दुसऱ्याच्या निरोगी रक्ताचा.

याच कारणास्तव भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत, भविष्यकाळी स्वतःसाठी वापरण्याच्या हेतूने नाळरक्त साठविण्यास शास्त्रीय आधार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली अशा खाजगी साठ्याला ‘जैविक विमा’ म्हणून उत्तेजन देऊ नये असे मत दिले. याला एक अपवाद आहे. कुटुंबात आधीच एखादे मूल प्रत्यारोपणाने बरे होण्याजोग्या रोगाने आजारी असेल, तर नव्या भावंडाचे नाळरक्त राखून ठेवणे सयुक्तिक ठरते. अशा वेळी वैद्यांचा सल्ला घेऊनच निर्णय करावा.

आणखी एक गोष्ट. मूल जन्मताच नाळ कापण्याची घाई करू नये, निदान एक मिनिट थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या अवधीत वारेतील बरेचसे रक्त बाळाच्या शरीरात जाते व पुढे त्याला लोहाची उणीव भासण्याचा संभव कमी होतो. उशिरा नाळ कापली तर पिशवीत रक्त कमी जमते, हे खरे. पण त्या रक्तावर पहिला हक्क जन्मलेल्या बालकाचा आहे. उरेल ते द्यावयाचे, असाच क्रम असला पाहिजे.

११. उपसंहार

नाळेतील रक्ताचा इतिहास अजून अर्ध्या शतकाचाही नाही. तेवढ्यात त्याच्याविषयीच्या आशा वाढल्या, काही खऱ्या ठरल्या, व काहींना मर्यादा पडल्या. ज्यांना जुळणारे भावंड नाही व ज्यांना थांबण्यास वेळ नाही, अशा मुलांच्या काही रोगांत हा आजही एक महत्त्वाचा उपाय आहे. कोणत्या रोग्यास नाळरक्त, कोणास मज्जा व कोणास आईवडिलांच्या पेशी द्याव्यात, याचा निर्णय प्रत्येक वेळी तज्ज्ञांनीच करावयाचा असतो.

तथापि एक गोष्ट या सर्व विवेचनात निर्विवाद दिसते. कुलुपबंद ठेवलेली एक पिशवी बहुधा कोणाच्याच उपयोगी पडत नाही. सर्वांसाठी ठेवलेल्या हजारो पिशव्यांपैकी एक मात्र कोणा ना कोणा मुलाशी जुळते. ही जुळणी वंशावर बरीच अवलंबून असल्याने, ज्या समाजातील माता असे रक्त देतात त्या समाजातील मुलांना ते मिळण्याचा संभव अधिक असतो. रक्तदानाचे तत्त्व आपल्या देशात लोकांना पटले आहे. नाळरक्ताचे तत्त्वही त्याहून निराळे नाही. देणाऱ्या बालकाला आपण काही दिले याची जाणीव नसते, आणि घेणाऱ्याला दात्याचे नाव कधी कळत नाही. तरीही एकाच्या जन्माच्या वेळी टाकून दिल्या जाणाऱ्या रक्तातून दुसऱ्याच्या शरीरात वर्षानुवर्षे रक्त निर्माण होत राहते. मात्र हे व्हावयाचे तर ते रक्त सार्वजनिक पेढीत पोहोचले पाहिजे, आणि तेथवर ते पोहोचविण्याचे काम शास्त्रज्ञांइतकेच समाजाचेही आहे.